कन्स्ट्रेंटची बोली ठरवताना: आयओएस ॲपसाठी स्वतःचा लेआउट एपीआय कसा बांधावा

ट्रेलिंगला, म्हणजे ओळ संपते त्या उजव्या कडेला, १६ दिलं की बटण स्क्रीनबाहेर जातं. आयओएसवर कोडमधून लेआउट लिहिणाऱ्या जवळपास प्रत्येकाने हे एकदा तरी पाहिलेलं असतं. लीडिंगला १६ म्हणजे डावीकडून आत १६ पॉइंट, टॉपला १६ म्हणजे वरून खाली १६ पॉइंट, पण ट्रेलिंगला आणि बॉटमला मात्र उणे १६ लिहायचं. कारण (आकडा नेहमी उजवीकडे किंवा खाली मोजला जातो) समजावून सांगितलं की पटतं. रिलीजच्या आदल्या रात्री चार कडांचे चार आकडे वाचताना मात्र ते कारण आठवत नाही.

मी ज्या एका प्रोजेक्टवर होतो, तिथे यावर तोडगा म्हणून तिघांनी तीन वेगवेगळे हेल्पर (मदतीची छोटी फंक्शनं) लिहून ठेवले होते. एकाला ट्रेलिंगचा आकडा पॉझिटिव्ह लागायचा, दुसऱ्याला निगेटिव्ह. तिसरा चारही कडांचे आकडे एकदम घ्यायचा आणि कुठेही न सांगता व्ह्यू (स्क्रीनवरचा घटक) सेफ एरियाला, म्हणजे स्क्रीनच्या न झाकल्या जाणाऱ्या भागाला, चिकटवायचा. तिन्ही आपापल्या जागी बरोबर होते. त्रास व्हायचा तो नवीन स्क्रीन लिहिताना. दर वेळी हेल्परची फाइल उघडून आत काय चाललंय ते बघावं लागायचं, आणि एकदा घाईत ते बघायचं राहिलं तेव्हा पैसे भरण्याच्या स्क्रीनवरचं बटण अर्धं कापलेलं बाहेर पडलं.

तेव्हापासून मी लेआउट एपीआयची (बाकी कोडने बोलवायच्या फंक्शनांच्या संचाची) एकच परीक्षा घेतो: कॉलची ओळ वाचून, फाइल न उघडता, व्ह्यू नेमका कुठे बसेल ते सांगता आलं पाहिजे. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच परीक्षेसाठी आहेत. उदाहरणं स्विफ्ट (ॲपलची प्रोग्रॅमिंग भाषा) आणि यूआयकिटची (आयओएसचे स्क्रीन बांधायची चौकट) आहेत. कोड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिला आहे, एक्सकोडमध्ये तो नेहमीच्या स्पेलिंगने लिहा.

आधी खालचा थर

प्रत्येक कन्स्ट्रेंट (व्ह्यू कुठे बसेल याचा नियम) म्हणजे एक साधं समीकरण असतं:

पहिल्याची कड = गुणक × दुसऱ्याची कड + कॉन्स्टंट

बरोबरच्या चिन्हाऐवजी ‘किमान’ किंवा ‘कमाल’ही चालतं. अशी सगळी समीकरणं एकत्र सोडवण्याचं काम कॅसोवरी नावाचा अल्गोरिदम करतो. तो १९९० च्या दशकात वॉशिंग्टन विद्यापीठातल्या ॲलन बॉर्निंग, ग्रेग बॅड्रोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून पुढे आला. ॲपलने ऑटो लेआउट (कन्स्ट्रेंटवर चालणारी मांडणी) २०११ मध्ये मॅकवर, ओएस एक्स लायनबरोबर आणला आणि २०१२ मध्ये आयओएस ६ मधून फोनवर. अँड्रॉइडचा कन्स्ट्रेंटलेआउटही याच अल्गोरिदमच्या पायावर उभा आहे.

सुरुवातीचा इनिशियलायझर सात पॅरामीटर घ्यायचा. त्यात एकाचा टॉप दुसऱ्याच्या लीडिंगला बांधला तरी कंपायलर गप्प बसायचा आणि ॲप चालवल्यावर क्रॅश व्हायचं. व्हिज्युअल फॉरमॅट लँग्वेज (लेआउट लिहायची दुसरी पद्धत) तर नुसती स्ट्रिंगच होती, टायपिंगची चूक रनटाइमलाच कळायची. २०१५ मध्ये आयओएस ९ बरोबर अँकर (व्ह्यूच्या कडा आणि मापं दाखवणारे ऑब्जेक्ट) आले आणि बरीच सुधारणा झाली. आडव्या कडा, उभ्या कडा आणि लांबी-रुंदी यांना वेगवेगळे टाइप मिळाले, त्यामुळे आडवं-उभं मिसळलं की कोड कंपाइलच होत नाही.

अँकरनंतरही तीन गोष्टी लिहिणाऱ्याच्या डोक्यावर राहिल्या: आकड्याचं चिन्ह, कन्स्ट्रेंट केव्हा चालू करायचा, आणि ‘ट्रान्सलेट्स-ऑटोरिसायझिंगमास्क-इन्टू-कन्स्ट्रेंट्स’ ही (जुन्या पद्धतीच्या मापांतून आपोआप कन्स्ट्रेंट बनवणारी) लांबलचक प्रॉपर्टी फॉल्स करायची आठवण. आपला एपीआय या तीन गोष्टी उचलणार. त्यापलीकडचा पसारा त्याच्यावर टाकायचा नाही.

पायरी १: आधी स्वतःचेच स्क्रीन वाचा

एडिटर बंद ठेवा. ॲपमधले आठ-दहा स्क्रीन निवडा, शक्यतो वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले, आणि त्यातला प्रत्येक कन्स्ट्रेंट कागदावर बोली मराठीत लिहा. ‘शीर्षक कार्डाच्या वरच्या कडेपासून १२ खाली.’ ‘किंमत शीर्षकाच्या खाली, ८ सोडून.’ ‘फोटो चौरस.’ ‘बटण किमान ४४ उंच.’

दोन-तीन स्क्रीन झाले की लक्षात येतं, वाक्यं फार थोड्या प्रकारची आहेत. एखादी कड बाहेरच्या डब्याच्या कडेला बांधलेली असते, दोन भावंडांमध्ये (एकाच डब्यातल्या व्ह्यूंमध्ये) अंतर ठेवलेलं असतं, काहीतरी मध्यावर असतं, किंवा आकार ठरवलेला असतो. गुणक फोटोच्या प्रमाणात आणि ‘अर्ध्या रुंदीचा कॉलम’ अशा ठिकाणी लागतो, बाकी क्वचितच. ही यादी हाच तुमचा शब्दसंग्रह. जे कागदावर एकदाच आलं, त्यासाठी वेगळं फंक्शन बनवू नका. तिथे सरळ अँकर वापरलेला बरा.

पायरी २: अंमलबजावणीच्या आधी कॉल लिहा

आता एक स्क्रीन घ्या आणि एपीआय तयारच आहे असं समजून कॉल लिहून काढा. कंपाइल होणार नाही, होऊ द्या लाल.

शीर्षक.पिन(.टॉप, टू: कार्ड, इनसेट: १२)
शीर्षक.पिन(.लीडिंग, .ट्रेलिंग, टू: कार्ड, इनसेट: १६)
किंमत.प्लेस(.बिलो, शीर्षक, गॅप: ८)
फोटो.साइझ(विड्थ: .इक्वल(९६), हाइट: .इक्वल(९६))
बटण.साइझ(हाइट: .ॲटलीस्ट(४४))
लोडर.सेंटर(इन: कार्ड)

पिन, प्लेस, साइझ, सेंटर. चार क्रियापदं पुरतात. हा मजकूर टीममधल्या अशा एखाद्याला दाखवा ज्याने हा स्क्रीन कधी पाहिलेला नाही, आणि त्याला कागदावर कार्ड काढायला सांगा. तो जिथे अडखळेल तिथलं नाव चुकलेलं आहे. आमच्याकडे ‘प्लेस’च्या जागी आधी ‘अटॅच’ होतं. निम्म्या लोकांना ते बाहेरच्या डब्याला चिकटवणं वाटलं, म्हणून बदललं.

स्विफ्ट ३ बरोबर २०१६ मध्ये जी एपीआय डिझाइनची मार्गदर्शक तत्त्वं रुळली, त्यांचा सगळा भर वापराच्या जागी अर्थ स्पष्ट असण्यावर आहे. कोड आखूड करण्याला त्यात दुय्यम स्थान आहे. म्हणून ‘टू:’ हे लेबल काढू नका. दोन अक्षरं वाचतात खरी, पण कोण कुणाला बांधलंय ते वाक्यातून नाहीसं होतं.

कार्टोग्राफीसारख्या लायब्ररीने बरोबरच्या चिन्हासारखी ऑपरेटर वापरून समीकरणंच लिहायची सोय केली, स्नॅपकिटने क्लोजरमधली साखळी लोकप्रिय केली. दोन्ही मी मनापासून वापरल्या आहेत. तरी स्वतःच्या छोट्या एपीआयसाठी मी साध्या मेथडकडेच वळतो. एक्सकोडमध्ये बिंदू टाइप केला की पर्याय समोर येतात, आणि चूक झाली तर कंपायलरचा मेसेज त्याच ओळीवर बोट ठेवतो. ऑपरेटरच्या लांब ओळीत तो बरेचदा भलतीकडेच बोट दाखवतो.

पायरी ३: चिन्हाचा प्रश्न एकदाच सोडवा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर घालवावा.

नियम असा: इनसेट म्हणजे कडेपासून आत, गॅप म्हणजे दोघांमधली मोकळी जागा, आणि दोन्ही नेहमी पॉझिटिव्ह. अँड्रॉइडच्या कन्स्ट्रेंटलेआउटमध्ये मार्जिन याच अर्थाने चालतं, त्यामुळे दोन्हीकडे काम करणाऱ्या टीमला हा नियम वेगळा शिकवावा लागत नाही.

अंमलबजावणीत पहिला मोह होतो तो ट्रेलिंग आणि बॉटमच्या वेळी आकड्याला उणे एकने गुणण्याचा. ‘बरोबर’ असेपर्यंत ते चालतं. ‘किमान’ आलं की गाडी घसरते. ‘बटण उजव्या कडेपासून किमान १६ आत’ हे समीकरणात मांडून बघा: बटणाचा ट्रेलिंग, कार्डाच्या ट्रेलिंगमधून १६ वजा केल्यावर जे उरेल त्याच्या *कमाल* इतका. म्हणजे चिन्ह उलटलं आणि तुलनाही उलटली. एक उलटवलं आणि दुसरं विसरलं तर कन्स्ट्रेंट तुटत नाही, लॉगमध्ये काही येत नाही, फक्त लांब मजकूर आला की बटण कडेला जाऊन भिडतं. असा बग पकडायला महिने लागतात.

यातून सुटायची युक्ती सोपी आहे: समीकरणात जागांची अदलाबदल करा.

बटण.लीडिंग = कार्ड.लीडिंग + १६
बटण.टॉप = कार्ड.टॉप + १६
कार्ड.ट्रेलिंग = बटण.ट्रेलिंग + १६
कार्ड.बॉटम = बटण.बॉटम + १६

चारही ओळींत अधिक १६. जी कड पुढे किंवा खाली आहे ती डावीकडे लिहायची, एवढंच सूत्र. आता ‘बरोबर’च्या जागी ‘किमान’ टाका, चारही ओळी जशाच्या तशा खऱ्या राहतात. भावंडांनाही हेच लागू पडतं: ‘किंमत शीर्षकाच्या खाली’ म्हणजे किंमत.टॉप = शीर्षक.बॉटम + ८, आणि ‘शीर्षक किंमतीच्या वर’ म्हटलं तरी आतून तेच समीकरण तयार होतं.

याचा दुसरा फायदा नंतर कळतो. कीबोर्ड वर आला की खालच्या पट्टीचा कन्स्ट्रेंट आपण हातात धरतो आणि त्याचा कॉन्स्टंट बदलतो. अदलाबदल केलेली असेल तर तिथे सरळ कीबोर्डची उंची टाकायची, उणे चिन्ह लागत नाही. बाहेर पॉझिटिव्ह आणि आत निगेटिव्ह असा एपीआय केला असता तर इथे पुन्हा तोच घोळ झाला असता.

एक किंमत मोजावी लागते. डीबगरमध्ये अशा कन्स्ट्रेंटचा ‘फर्स्ट आयटम’ कार्ड दिसतो, बटण नाही. टीमला हे आधी सांगून ठेवा.

पायरी ४: चुकीचं लिहिताच येऊ नये

अँकरचे टाइप आडवं-उभं मिसळू देत नाहीत, पण लेफ्ट आणि लीडिंग दोन्ही आडव्याच कडा असल्यामुळे कंपायलर ती जोडी जाऊ देतो आणि रनटाइमला ॲप पडतं. म्हणून आपल्या एनममध्ये (कडांच्या पर्यायांच्या यादीत) लेफ्ट-राइट ठेवूच नका. फक्त टॉप, बॉटम, लीडिंग, ट्रेलिंग. उद्या ॲपची उर्दू आवृत्ती काढायची ठरली तर स्क्रीन आपोआप आरशासारखा उलटेल, लेआउटच्या कोडला हात लावावा लागणार नाही.

‘टू:’ मध्ये व्ह्यू चालतो तसा लेआउट गाइडही (न दिसणारी चौकट) चालला पाहिजे. दोघांकडे तेच अँकर असतात, तेव्हा एक छोटा प्रोटोकॉल लिहा आणि दोघांनाही तो लावा. त्यामुळे सेफ एरियासाठी वेगळं फंक्शन लागत नाही:

पट्टी.पिन(.बॉटम, टू: व्ह्यू.सेफएरिया, इनसेट: ०)

‘टू:’ ला डिफॉल्ट द्यावा का? सुपरव्ह्यू (बाहेरचा डबा) डिफॉल्ट ठेवला तर कोड आखूड होतो. मी देत नाही. २०१७ मध्ये आयफोन एक्स आला, सेफ एरिया आला, आणि ज्या-ज्या हेल्परने ‘कशाला बांधायचं’ हे मनातच ठरवलं होतं तिथे काही स्क्रीन तळाच्या होम इंडिकेटरच्या रेघेखाली गेले तर काही रंगीत पार्श्वभूमी मध्येच तुटल्या. पार्श्वभूमी व्ह्यूच्या कडेपर्यंत जायला हवी आणि मजकूर सेफ एरियात थांबायला हवा. हा निर्णय दर स्क्रीनला वेगळा असतो, म्हणून तो कॉलमध्ये दिसलाच पाहिजे.

पायरी ५: चालू कोण करणार?

दोन पंथ आहेत. एकात फंक्शन कन्स्ट्रेंट बनवतं आणि लगेच चालूही करतं. दुसऱ्यात फक्त बनवून परत देतं आणि शेवटी एकाच ठिकाणी सगळे चालू होतात. कोणताही निवडा, पण एका एपीआयमध्ये दोन्ही ठेवू नका.

मी दुसऱ्या पंथातला. कन्स्ट्रेंट चालू झाल्यावर त्याची प्रायॉरिटी (टक्कर झाली तर कुणाला किती महत्त्व) ‘रिक्वायर्ड’वरून खाली आणता येत नाही. तसा प्रयत्न केला तर एक्सेप्शन पडतं, हे ॲपलच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलेलं आहे. आधी चालू करून मग प्रायॉरिटी द्यायला गेलात की इथे अडकलात. शिवाय दोन व्ह्यूंचा सामाईक पूर्वज नसताना कन्स्ट्रेंट चालू केला तर ॲप क्रॅश होतं. म्हणून क्रम ठरवून टाका: आधी सगळे सबव्ह्यू जोडा, मग एकदाच

लेआउट {
    शीर्षक.पिन(.टॉप, टू: कार्ड, इनसेट: १२)
    किंमत.प्लेस(.बिलो, शीर्षक, गॅप: ८)
}

हा ब्लॉक रिझल्ट बिल्डर (ब्लॉकमधल्या ओळींची यादी बनवणारा) वापरून लिहिता येतो, ती सोय स्विफ्ट ५.४ पासून आहे. त्यात ‘इफ’ही चालतं, त्यामुळे ‘फोटो असेल तरच’ असे नियम यादीतच बसतात.

ती लांब प्रॉपर्टी फॉल्स करायचं काम एपीआयने उचलावं, पण नेमकं कुणावर? ज्या व्ह्यूवर मेथड बोलावली त्याच्यावरच. पायरी ३ मध्ये आपण जागा बदलल्या आहेत, त्यामुळे ‘समीकरणातला पहिला’ असा नियम केलात तर ट्रेलिंगच्या वेळी ती प्रॉपर्टी कार्डावर जाऊन बसेल. कार्ड जर टेबलच्या सेलचा कंटेंटव्ह्यू असेल तर अनर्थ. त्याची ती प्रॉपर्टी यूआयकिट सांभाळतं, आपण तिला हात लावायचा नसतो. मी स्वतः हा घोळ एकदा करून बसलो आहे. सेलची उंची मनाला येईल तशी बदलत होती आणि मी दिवसभर मजकुरात दोष शोधत राहिलो.

पायरी ६: प्रायॉरिटीला नावं द्या

१००० म्हणजे रिक्वायर्ड, ७५० हाय, २५० लो. कोडमध्ये जागोजागी ९९८, ७५१, ५०१ असे आकडे दिसू लागले की समजावं, कुणीतरी कुणाशी भांडतंय. एपीआयमध्ये चारच नावं ठेवा. चौथं ९९९ साठी, ‘ऑलमोस्टरिक्वायर्ड’ किंवा तुम्हाला रुचेल ते. ते लागतं मुख्यतः सेलमध्ये. टेबल व्ह्यू सेलला तात्पुरती स्वतःची उंची लावतो, ‘यूआयव्ह्यू-एन्कॅप्स्युलेटेड-लेआउट-हाइट’ या नावाने ती लॉगमध्ये दिसते, आणि तिच्याशी आपली उंची टक्कर घेते. आपला एक कन्स्ट्रेंट ९९९ वर नेला की तो माघार घेतो आणि लॉग शांत होतो.

पायरी ७: आकारात ‘किमान’ हाच सोपा पर्याय ठेवा

मराठी ॲप करणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. इंग्रजीत आखलेल्या फॉर्ममध्ये लेबलची उंची २० अशी ठरावीक दिलेली असते. भाषा बदलून मराठी केली की ‘पूर्ण पत्ता’ मधल्या पू चा ऊकार खालून कापला जातो, ‘कृपया’ चा ऋकार जातो, आणि वर रेफ असेल तर तोही शेंड्यावरून छाटला जातो. देवनागरीला वर आणि खाली दोन्हीकडे जागा लागते. त्यात वापरणाऱ्याने फोनमधला अक्षरांचा आकार वाढवून ठेवला असेल तर ओळच्या ओळ अर्धी दिसते.

म्हणूनच ‘साइझ’मध्ये नुसता आकडा स्वीकारू नका. .इक्वल(९६) किंवा .ॲटलीस्ट(४४) असं लिहायला लावा. लिहिणारा क्षणभर थांबतो, आणि तेवढ्यात त्याला विचार पडतो की इथे मजकूर आहे की फोटो. आमच्या रिव्ह्यूत नियम आहे: ज्यात अक्षरं आहेत त्याच्या उंचीला .इक्वल दिसलं की कारण विचारायचं. बटणाला ॲपलने सुचवलेला किमान ४४ पॉइंटचा स्पर्शाचा भाग ‘ॲटलीस्ट’ने आपसूक राहतो, आणि मजकूर वाढला तर बटणही वाढतं.

पायरी ८: कन्स्ट्रेंट तुटला तर तो कुणाचा, हे कळू द्या

‘अनेबल टू सायमल्टेनियसली सॅटिस्फाय कन्स्ट्रेंट्स’ हा मेसेज आणि त्याखाली मेमरी ॲड्रेसची रांग. ती वाचून काही कळत नाही. पण प्रत्येक कन्स्ट्रेंटला ‘आयडेंटिफायर’ देता येतो आणि तो लॉगमध्ये छापून येतो. हाताने कुणी तो देत नाही, म्हणून एपीआयनेच द्यावा. प्रत्येक फंक्शनला शेवटी दोन डिफॉल्ट पॅरामीटर जोडा, #फाइलआयडी आणि #लाइन. कॉल करणाऱ्याला ते दिसतही नाहीत, पण लॉगमध्ये ‘पेमेंटकार्ड:४२’ असं येतं आणि थेट त्या ओळीवर जाता येतं. एवढ्याशा कामाने आमचा जितका वेळ वाचला तितका बाकी कशाने वाचला नाही. जोडीला ‘यूआयव्ह्यूअलर्टफॉरअनसॅटिस्फायएबलकन्स्ट्रेंट्स’ वर सिम्बॉलिक ब्रेकपॉइंट (त्या नावाच्या फंक्शनवर ॲप थांबवणारी खूण) लावून ठेवा.

पायरी ९: चाचणी आणि जुन्या कोडची सुटका

या एपीआयच्या चाचण्या लिहायला सोप्या असतात. ३२० बाय २०० चा डबा घ्या, आत बटण टाका, ट्रेलिंगला १६ इनसेट द्या, ‘लेआउटइफनीडेड’ बोलवा आणि बटणाची उजवी कड ३०४ वर आली का ते तपासा. चार कडा, दोन तुलना, आठ चाचण्या. उजवीकडून डावीकडे बघण्यासाठी एक्सकोडच्या स्कीममध्ये ॲपची भाषा ‘राइट-टू-लेफ्ट स्यूडोलँग्वेज’ करा आणि मुख्य स्क्रीन एकदा फिरून या.

जुना कोड एका झटक्यात बदलू नका. ज्या स्क्रीनला एरवीही हात लागणार आहे तेवढाच बदला, आणि बाकी ठिकाणी जुन्या हेल्परना ‘डेप्रिकेटेड’ची (जुनं झालं, वापरू नका अशी) खूण लावा. ही खूण लावताना एक काळजी घ्या. स्विफ्टमध्ये ‘रीनेम्ड’ लिहिलं की एक्सकोड एका क्लिकमध्ये नाव बदलून देतो, आणि तो मोह जबरदस्त असतो. ज्या हेल्परमध्ये ट्रेलिंगला उणे आकडा द्यायची पद्धत होती त्याला ‘रीनेम्ड’ लावू नका, फक्त ‘मेसेज’ लिहा: आकड्याचं चिन्ह हाताने बदला. क्लिकने नाव नवं होईल, पण उणे १६ तसंच राहील, आणि नव्या एपीआयमध्ये उणे इनसेट म्हणजे बटण पुन्हा स्क्रीनबाहेर.